माळाच्या मातीत अडकलेलं स्फुरद

परंडा तालुक्यात सीनेच्या काठची जमीन काळी, खोल, ओल धरणारी. नदी सोडून बालाघाटाच्या उतारांकडे सरकलं की माती जेमतेम वीतभर उरते, मुरूम डोकावू लागतो आणि माळ सुरू होतो. सरकारी दप्तरात तो पोटखराबा किंवा गायरान, बोलण्यात बरड. त्यात कस नाही, असं सगळेच गृहीत धरतात. स्फुरदापुरतं तरी ते खरं नाही. माळात स्फुरद आहे. ते मुळांच्या हाती लागत नाही, एवढंच.

हा सगळा मुलूख सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या काळ्या पाषाणात अपेटाइट नावाच्या खनिजाचे सूक्ष्म कण असतात आणि दगडातलं स्फुरद मुख्यतः त्यांतच साठलेलं असतं. खताच्या गोणीवर मोजतात त्या हिशेबाने टनभर दगडात साधारण दोन किलो. दगड झिजला की ते सुटतं, पण मोकळं राहत नाही. इथे पाऊस कमी, त्यामुळे चुना धुऊन जात नाही; मातीत चुनखडीचे खडे दिसतात, सामू आठच्या वर जातो आणि कॅल्शियम स्फुरदाला धरून ठेवतं. महाबळेश्वरचा दगडही याच लाव्ह्याचा. तिथे मुसळधार पावसाने चुना वाहून गेला, जांभा झाला, आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमच्या तावडीत सापडलं. हवाई बेटांवर काही शतकांपासून चाळीस लाख वर्षांपर्यंत वयाच्या लाव्ह्यावरच्या माती तपासल्या, तेव्हा कोवळ्या मातीत झाडांना नत्र कमी पडत होतं आणि सर्वांत जुन्या मातीत स्फुरद.

परंड्यासारख्या अवर्षणाच्या भागात आणखी एक अडचण येते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. स्फुरद तसं येत नाही. ओलीच्या पातळ थरातून ते काही मिलिमीटरच सरकतं. पावसाने ओढ दिली की तेवढीही वाट बंद होते. प्रयोगशाळेत ओल्सन पद्धतीने उपलब्ध स्फुरद मोजतात, पण तो आकडा कोरड्या श्रावणात पिकाला काय मिळालं ते सांगत नाही. म्हणून खत फोकून देण्यापेक्षा दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याजवळ, ओलीत पेरलेलं बरं. तरीही पहिल्या हंगामात पिकाला त्यातलं पंधरा-वीस टक्केच मिळतं.

पवन्या, मारवेल, कुसळी ही माळाची गवतं यावर आपल्या परीने तोड काढतात. त्यांच्या मुळांवर वाढणारी बुरशी बारीक धागे दूरवर पसरवते आणि मूळ जिथे पोहोचत नाही तिथलं स्फुरद आणून देते. हरभऱ्याची तऱ्हा निराळी: त्याची मुळं आम्ल स्रवून चुन्यात अडकलेलं स्फुरद विरघळवतात. तुरीची मुळं लोहाशी बांधलेलं स्फुरद सोडवू शकतात, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं.

पण माळाचं वाळलेलं गवत स्फुरदात मुळातच हलकं असतं. निव्वळ त्यावर राहिलेली जनावरं हाडं चघळू लागतात. दक्षिण आफ्रिकेत अरनॉल्ड थायलर यांनी शंभर वर्षांपूर्वी याची साखळी उलगडली: गवतात स्फुरद कमी, म्हणून गुरं कुजकी हाडं खात आणि त्यांतल्या विषाने मरत. आपल्याकडे व्यालेल्या म्हशीला लाल लघवी होते, त्यामागेही अनेकदा स्फुरदाचीच उणीव असते. अशा वेळी घरगुती इलाजात दिवस न घालवता पशुवैद्याला बोलवावं.

धनगरांच्या मेंढ्या दिवसभर माळावर चरतात आणि रात्री शेतात बसवल्या जातात. जनावराच्या अंगातून बाहेर पडणारं स्फुरद बहुतेक लेंड्यांतून जातं, मुतातून नाही. म्हणजे मेंढ्या बसवताना शेतकरी माळाचं स्फुरद शेतात आणत असतो. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण डीएपीच्या गोणीमागचा खनिज दगड आपल्या देशात पुरेसा निघत नाही. तो, नाहीतर तयार खतच, बाहेरून आणावं लागतं. मात्र या व्यवहारात माळ केवळ देणारा आहे. हवेतून नत्र परत मिळवता येतं, स्फुरद नाही. वणव्यात नत्र धुरावाटे उडतं, स्फुरद राखेत उरतं. पण उघड्या उतारावर पहिल्या वळवात ती राख ओढ्याला लागते.

वरच्या दोन-चार इंचांतच बहुतेक उपयोगी स्फुरद असतं. म्हणून माळावर जेसीबीने खड्डे खणून रोपं लावण्याच्या उत्साहाची मला धास्ती वाटते. त्याऐवजी उताराला आडवे दगडी बांध घालावेत, गायरानाचे भाग पाडून ते पाळीने चरू द्यावेत, आणि दरवर्षी एका भागाला बी पडेपर्यंत विसावा द्यावा. हे काम ग्रामपंचायतीच्या ठरावाने होण्यासारखं आहे, आणि त्यासाठी रोपवाटिकाही लागत नाही.