झाडाचे निदान

पावसाळा संपत आला होता. संध्याकाळी आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एकाच वस्तीतली चार मुले आली. चौघांनाही उलट्या आणि पोटात कळा. मैदानाच्या कडेला कुंपण होते, तिथल्या बिया त्यांनी 'शेंगदाण्यासारख्या लागतात' म्हणून खाल्ल्या होत्या. कशाच्या बिया? एकाची आजी म्हणाली, एरंडाच्या. दुसऱ्याचे वडील म्हणाले, बिट्टीच्या असतील. तिसरे कोणी म्हणाले, जंगली बदाम.

ऐकणाऱ्याला हा किरकोळ वाद वाटेल, पण आमच्यासाठी प्रत्येक नावाचा अर्थ वेगळा होता. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. तिचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जाते, नाडी मंदावते, म्हणून ईसीजीवर सतत डोळा ठेवावा लागतो. एरंडाची बी चावून खाल्ली असेल तर तिच्यातले रायसिन तासांनी, कधी दिवसांनी घात करते. मोगली एरंडाने जुलाब-उलट्या जोरात होतात, पण सलाइन आणि देखरेखीने बहुतेक मुले लवकर सावरतात.

मी म्हटले, 'कोणीतरी जा आणि त्या झाडाची फांदी आणा.' एका मुलाचा काका सायकलवरून गेला आणि फांदी घेऊन आला. ती हातात धरून मी उभा राहिलो आणि मला काहीच सांगता येईना. शेवटी वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, 'डॉक्टर, हा मोगली एरंड. आमच्या बांधावर आहे.' आम्ही खबरदारी म्हणून चौघांचेही ईसीजी काढले. ते ठीक होते. दोन दिवसांत मुले घरी गेली. पण इतकी वर्षे डॉक्टरकी करून दाराबाहेरचे झाड ओळखता येत नाही, ही गोष्ट मला लागली.

त्या महिन्यात मी झाडे ओळखण्याचे एक छोटे पुस्तक घेतले. पिशवीत मावेल असे, चित्रांचे. सुरुवातीला मी सगळ्यांसारखीच चूक केली. झाड पाहायचे, पाने उलटायची आणि 'हे जरा तसेच दिसते' म्हणून थांबायचे. हे म्हणजे ताप दिसला की मलेरिया लिहून टाकण्यासारखे. एका लक्षणावरून निदान होत नाही, तसेच एका चित्रावरून झाडही ओळखता येत नाही. रुग्ण तपासण्याचा जसा क्रम असतो, तसाच झाडाचाही असतो.

आधी पान साधे की संयुक्त ते पाहा. कडुनिंबाचे जे आपण 'पान' म्हणून तोडतो, ती खरे तर एका मोठ्या पानाची पर्णिका असते. खूण सोपी आहे : खऱ्या पानाच्या देठाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. मग पाने फांदीवर कशी लागली आहेत ते पाहा : एकाआड एक, समोरासमोर, की एकाच पेरावर गोलाकार. बिट्टी आणि कण्हेर यांची पाने लांबट, अरुंद. पण कण्हेरीला एका पेरावर बहुधा तीन-तीन पाने असतात, तर बिट्टीला एकाआड एक. मोगली एरंडाचे पान तळव्याएवढे रुंद, उथळ कोनांचे. खऱ्या एरंडाचे खोल चिरलेले, दातेरी कडांचे. पुढे देठ तोडल्यावर चीक येतो का, साल कशी आहे, फूल आणि फळ कसे आहे ते पाहावे. चीक डोळ्यांजवळ मात्र नेऊ नये. हे सगळे जुळले, तरच नाव घ्यावे.

पुस्तक आपल्या भागाचे असावे. प्रदीप क्रिशन यांचे दिल्लीच्या झाडांवरचे २००६ सालचे पुस्तक उत्तम आहे, पण कोकणात ते पुरे पडणार नाही. आणि फूल नसेल तर घाई करू नये. काही झाडांचे निदान ऋतू बदलेपर्यंत राखूनच ठेवावे लागते.

नावांचा घोळ केवळ एरंडापुरता नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये उंच, सरळ, लोंबत्या पानांचे जे झाड 'अशोक' म्हणून लावतात, तो आसुपालव. अंगावरून जास्त जाते म्हणून आयुर्वेदात ज्याची साल वापरतात, तो सीतेचा अशोक वेगळा : पान संयुक्त, फुले केशरी-लाल झुबक्यांची. दोन्हींच्या सालीची भेसळ सर्रास होते. घराबाहेरच्या 'अशोका'ची साल उकळून महिनोन्‌महिने पिणाऱ्या आणि अखेर रक्त चढवण्याची वेळ आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. झाड तर चुकीचे होतेच, पण त्याहून मोठे नुकसान तपासणीला झालेल्या उशिराने केले. म्हणून एक नियम : खिशातले पुस्तक झाड ओळखण्यासाठी आहे, चाखण्यासाठी नाही.

मुलाने अनोळखी बी किंवा फळ खाल्ले तर बोटे घालून उलटी करवू नका. दूध, मीठ-पाणी, लिंबू काहीही पाजू नका. तोंडातले उरलेले काढा, तोंड धुवा आणि १०८ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. सोबत चुरगळलेले एक पान नको, पाने आणि फळे असलेली छोटी फांदी आणा. जमले तर पूर्ण झाडाचा आणि खोडाचा फोटोही काढा. किती बिया खाल्ल्या आणि किती वाजता, तेही सांगा. पण फांदीसाठी मुलाला थांबवून ठेवू नका, ती दुसऱ्याने आणावी.

आता माझ्या टेबलाच्या खणात स्टेथोस्कोपशेजारी ते पुस्तक असते. नवीन इंटर्न आले की मी त्यांना रुग्णालयाच्या आवारात एक फेरी मारायला लावतो. पहिली ओळख फाटकाजवळच्या बिट्टीची. आणि अडले की आम्ही अजूनही मावशींनाच विचारतो.