घर बदलले, ऋतू तेच

बेळगाव शहराच्या वायव्येस, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात, कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावे आहेत. भात, रताळी आणि भाजीपाला पिकविणाऱ्या या गावांच्या अंगणापर्यंत आता शहर येऊन पोचले आहे. शिवाराच्या कडेला तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि ज्यांचे बालपण कौलारू घराच्या सोप्यात गेले अशी कितीतरी कुटुंबे त्यांतील दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्थिरावली आहेत. भांडीकुंडी, देव्हारा, वाकळी यांबरोबरच जुन्या घरातील रीतीभातीही त्यांच्या संगतीने आल्या. त्यांतील पुष्कळशा नव्या घरातही उपयोगी पडतात. काही मात्र तेथे निरुपयोगी ठरतात, आणि दोन-तीन तर जिवावर बेतणाऱ्या आहेत. कोणती रीत ठेवावी, कोणती बदलावी आणि कोणती टाकावी, याचा वर्षाच्या क्रमाने विचार करण्यासाठी हा लेख आहे.

जुने घर आणि नवे घर यांतील मुख्य भेद आकाराचा नसून श्वासाचा आहे. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर आपोआप बाहेर जाई. मातीच्या भिंती ओल शोषून घेत आणि ऊन पडताच ती सोडून देत. पुढे सोपा आणि मागे परडे असल्याने वारा घरातून आरपार वाहत असे. नव्या घराला सिमेंटचे छत असते, सरकत्या काचांच्या खिडक्या असतात आणि दार एकच असते. जी कामे पूर्वी घर स्वतः करी, ती आता घरातील माणसांना ध्यानात ठेवून करावी लागतात.

रोहिणीच्या आत

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी वसले आहे. कड्यावरच्या आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे सरकत बेळगावात येईपर्यंत तो बाराशे-तेराशे मिलिमीटरवर उतरतो. पाऊस असा उतरला तरी ओल त्या मानाने उतरत नाही. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा बोचरा वारा, सततची भुरभुर आणि आठ-आठ दिवस न दिसणारा सूर्य हे इकडच्या पावसाळ्याचे खरे स्वरूप होय.

म्हणून घराची डागडुजी २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीच आटोपावी. कौलारू घरात या दिवसांत कौले चाळण्याची घाई असे. फ्लॅटमध्ये तीच घाई गच्चीची असली पाहिजे. पाणी जाण्याच्या प्रत्येक तोंडावर बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात निघून जाते हे पाहावे. पाला, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पतंगाचे कागद यांनी ही तोंडे बुजलेली असतात आणि पहिल्याच मोठ्या सरीत गच्चीचे तळे होते. कठड्याच्या व छताच्या भेगा कोरड्या असतानाच भराव्यात. ओल्या भेगेत भरलेले सिमेंट अगर रसायन धरत नाही.

आपल्या घरापुरते म्हणाल, तर पश्चिमेच्या भिंतीकडे आधी पाहावे, कारण पावसाचा मारा तिकडूनच होतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हळीत बाहेरच्या बाजूस बारीक छिद्रे असतात. ती धुळीने भरली की पाणी बाहेर जाण्याऐवजी खोलीत उतरते. जुना दात घासण्याचा ब्रश आणि एक तार एवढ्या साहित्यावर हे काम अर्ध्या तासात होते. एप्रिल-मे महिन्यांतील वळीव मात्र विजांच्या कडकडाटासह बहुधा पूर्वेकडून येतो. त्या वेळी दूरचित्रवाणी, संगणक आदी उपकरणांच्या पिना काढून ठेवाव्यात. वीजगळती होताच प्रवाह तोडणारी कळ घरातील फलकावर असेल, तर तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कळ खाली पडली नाही तर तंत्रज्ञास बोलवावे. ओल्या भिंतींच्या दिवसांत त्या कळीवर प्राण अवलंबून असतात.

मृगापासून उत्तरेपर्यंत

पावसाळ्यात फ्लॅटमधील गृहिणीचा पहिला प्रश्न कपड्यांचा. यंत्रातून पिळून निघालेल्या एका वेळच्या कपड्यांतही दोन लिटरच्या घरात पाणी उरलेले असते. ते खोलीत वाळत घातले की तेवढे पाणी हवेत जाते, आणि हवेतून थंड भिंतीवर, कपाटाच्या पाठीवर व गादीच्या खाली जाऊन बसते. पुढे तेथेच काळी बुरशी धरते. यासाठी कपडे शक्यतो एकाच खोलीत वाळवावेत, त्या खोलीचे आतले दार बंद ठेवावे, पंखा चालू ठेवावा आणि पावसाच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे बहुधा पूर्वेची, खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. खिडकी उघडली तर ओल आत येईल अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ आणि ओले कपडे यांमुळे बंद घरातली हवा बाहेरच्यापेक्षाही दमट होते. तिला वाट देणे हाच उपाय.

कपाटे पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवू नयेत. मागे हात जाईल एवढे अंतर असावे. ओल शोषणाऱ्या क्षारांच्या डब्या बाजारात मिळतात, त्या कपाटात ठेवाव्यात व पाण्याने भरल्या की बदलाव्यात. कापराने वास जातो, ओल जात नाही, हे लक्षात असावे. भिंतीला पोपडे आले म्हणजे आतून रंगाचा हात देण्याची घाई करू नये. पाणी कोठून येते ते शोधून बाहेरून बंदोबस्त केल्यावाचून आतला रंग म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी होय. बुरशी पुसताना नाका-तोंडाला फडके बांधावे आणि फडके कोरडे न वापरता ओले वापरावे, म्हणजे तिची धूळ उडत नाही. घरात दमेकरी अथवा तान्हे मूल असेल तर हे काम ते दुसऱ्या खोलीत असताना करावे.

डेंग्यू पसरविणारा डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साचलेले पाणी लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून घरातील सर्व साठवणीची भांडी रिकामी करून घासावीत. कुंड्यांखालच्या बश्या, शीतकपाटाच्या मागचे तबक आणि गच्चीवरील टाकीचे झाकण यांकडे त्याच दिवशी पाहावे. पूर्वी हंडे-कळशा रोज घासल्या जात. त्या कष्टात आरोग्याचे हे गमक आपोआप साधत होते.

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव परिसरातील नद्या-नाल्यांना पूर आला आणि सखल वस्त्यांत पाणी शिरले. ज्या इमारतींचे वीजमीटर, पाण्याचे पंप किंवा उद्वाहनाची यंत्रे तळमजल्यावर खाली बसविलेली आहेत, तेथील रहिवाशांनी ती उंचावर घेण्याचा विचार एकत्र बसून करावा.

धान्य आणि एक इशारा

गावाकडून भाताची पोती येणे ही या भागातील अनेक घरांची अजूनही चालू असलेली सुखाची गोष्ट. बेळगावी बासमतीचा दरवळ आता दुर्मीळ झाला, तरी घरच्या तांदळाची गोडी वेगळीच. परंतु फ्लॅटमध्ये वर्षाची बेगमी एकदम करू नये. दोन-तीन महिन्यांपुरते धान्य उन्हात वाळवून, पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यांत भरावे. डाळींना एरंडेलाचा हलका हात आणि तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला या आजीच्या युक्त्या आजही चालतात. रवा, मैदा यांसारखे जिन्नस आणल्यावर तीन-चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर त्यांतील किडीची अंडी मरतात.

मात्र कणग्यांत व गोदामांत घालतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या फ्लॅटमध्ये कदापि आणू नयेत. हवेतील दमटपणा लागताच त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. मोकळ्या शिवारातील कोठाराची ही वस्तू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा घात करू शकते. हा वायू भेगांतून व नळांच्या पोकळ्यांतून शेजारच्या घरातही शिरतो. कोणी आपुलकीने पोत्यात गोळ्या घालून पाठविल्या असतील तर ते पोते घरात घेऊच नये.

दसरा काढताना

नवरात्रापूर्वी घरातील यच्चयावत वस्तू धुऊन-पुसून काढण्याला आपल्याकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात. वाकळी-घोंगड्या घेऊन बायका नदीवर जात आणि खडकांवर दिवसभर धुणे वाळत पडे. फ्लॅटमध्ये नदी नाही, खडक नाही. आहे ती सर्वांच्या मालकीची एक गच्ची. परंतु या रिवाजामागचे शास्त्र आजही तितकेच खरे आहे. चार महिन्यांची ओल घरातून काढून टाकण्यास आश्विनातील कडक ऊन हीच योग्य वेळ. इमारतीतील कुटुंबांनी गच्चीचे दिवस वाटून घ्यावेत. रोज दोन घरांच्या गाद्या-वाकळी वर गेल्या तर आठवड्यात बारा-चौदा घरांचा दसरा निघतो आणि भांडणास जागा उरत नाही. त्याच दिवशी कपाटे रिकामी करून, दारे उघडी टाकून, भिंतीपासून ओढून घ्यावीत.

थंडीतील बंद खिडक्या

मार्गशीर्ष-पौषात बेळगावची रात्र बोचरी असते. थंडी वाजते म्हणून खिडक्या मिटल्या जातात, आणि नेमका येथेच जुन्या रीतीचा खरा धोका उभा राहतो. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे, न्हाऊ घातलेल्या बाळाला धुरी देणे, म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी निखारे ठेवणे या मायेच्या रीती आहेत. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. कौलारू घरात त्या बऱ्याच अंशी निभावल्या, कारण धुराला वर वाट होती. बंद फ्लॅटमध्ये निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खोलीतच साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि ती झोप शेवटची ठरू शकते. धूर नसलेला लालबुंद निखारा निर्धोक असतो ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

तेव्हा बाळंतिणीला ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी, खोली दुपारच्या उन्हात तापू द्यावी, लोकरीचे कपडे द्यावेत. आजीच्या मनाला लागू नये म्हणून शेगडी ठेवावी आणि खिडकीची फट उघडी ठेवावी, अशी तडजोडही करू नये. एवढ्याशा फटीचा भरवसा धरता येत नाही. शेगडीने बाळंतिणीला काय हवे होते, तर ऊब. ती आपण दिलीच आहे, हे आजीला शांतपणे समजावून सांगावे. नातवंडाच्या जिवाचा प्रश्न आहे हे कळल्यावर कोणती आजी हट्ट धरील?

हीच गोष्ट गॅसवर चालणाऱ्या पाणी तापविण्याच्या यंत्राची. ते न्हाणीघरात बसविलेले असेल तर बाहेर, मोकळ्या हवेत हलवावे. तोवर पाणी बादलीत भरून, यंत्र बंद करून, मगच दार लावून स्नानास बसावे.

उन्हाळा आणि गच्ची

शिमग्यानंतर वरच्या मजल्याच्या घरात रात्री झोप येईनाशी होते. सिमेंटचे छत दिवसभर ऊन साठविते व ते रात्री खाली सोडते. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात फिरविला की पुष्कळसे ऊन परतविले जाते. हा उपाय स्वस्त आहे आणि होळीपूर्वी करावा. दिवसा पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे ओढावेत आणि सूर्य मावळल्यावर सगळ्या खिडक्या उघडाव्यात. संकेश्वरी मिरची वाळविणे, सांडगे-पापड घालणे यांसाठी पुन्हा गच्चीचे दिवस वाटून घेणे ओघानेच आले.

याच दिवसांत पाण्याची ओढ लागते. बेळगावास पाणी पुरविणारा राकसकोप जलाशय आपल्याच मार्कंडेय नदीवर आहे, आणि त्याची पातळी उतरली की शहराच्या नळांची धार बारीक होते. थोडा हिशेब करून पाहावा. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला १२०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी २ लाख ४० हजार लिटर भरते. काही वाया गेले तरी दीड-पावणेदोन लाख लिटर हाती लागते. गाळून घेतलेले हे पाणी कूपनलिकेभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडण्याचा खर्च साऱ्या इमारतीत वाटला तर कोणास जड जात नाही.

जुन्या घरात प्रत्येकाचे छप्पर वेगळे होते. एकाचे गळले तर दुसऱ्याला त्याची झळ नसे. येथे छप्पर एक, टाकी एक, जिना एक. एका घरातील विषारी वायू दुसऱ्याच्या उशाशी पोचतो आणि वरच्याचे गळके न्हाणीघर खालच्याची भिंत कुजविते. म्हणून अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एक संध्याकाळ राखून सर्व बिऱ्हाडकरूंनी गच्चीवर एकत्र बसावे, आणि पाण्याची तोंडे, टाकीचे झाकण, वीजमीटर, चुन्याचा हात व गच्चीचे दिवस या पाच बाबी ठरवून टाकाव्यात. त्या बैठकीस घरातील वडीलधाऱ्यांनाही आवर्जून बोलवावे. वळवाचे ढग कोणत्या बाजूने चढतात हे त्यांना पंचांग न पाहता सांगता येते. आणि बंद खोलीत निखारे का ठेवू नयेत हे त्यांनी एकदा समजून घेतले, की इमारतीतील प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत जाऊन ते सांगण्याचे काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणीही करणार नाही.