आधी माती, मग बीज

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घटस्थापना होते. पत्रावळीवर काळी माती पसरावी, तीत धान्य पेरावे, मधोमध जलपूर्ण कलश ठेवावा आणि नऊ दिवस नंदादीप तेवत ठेवावा, हा आपला कुलाचार. यात एक क्रम आहे. मृत्तिका चाळून, भिजवून सिद्ध केल्यावाचून कोणी दाणा पेरीत नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भसंभवास ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशी चतुर्विध सामग्री सांगितली आहे. क्षेत्र म्हणजे गर्भाशय, अंबू म्हणजे पोषक रस. आजची संप्रेरके सुश्रुताचार्यांस ठाऊक होती, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यांनी शेतकऱ्याच्या दृष्टीने जे सूत्र मांडले, त्याचा तपशील आधुनिक शरीरशास्त्राने उलगडला आहे.

गर्भाशयाच्या आत एक मृदू अस्तर असते. मासिक पाळी सरते तेव्हा ते अवघे १-२ मिलिमीटर जाड उरते. बीजांडकोशातून पाझरणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे ते वाढू लागते आणि पुढे ८-१० मिलिमीटरपर्यंत पोहोचते. बीजांड सुटले की मागे उरलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन निर्माण करतो. मग वाढ थांबते व परिपक्वता येते. ग्रंथी पोषक रसाने भरतात, रक्तवाहिन्या नागमोडी वळणे घेतात. बीजांड सुटल्यानंतर साधारण ६ ते १० दिवसांच्या काळातच हे अस्तर गर्भास ठाव देते. ऋतूच्या पोटातला हा सूक्ष्म ऋतूच होय!

या स्वागतास प्रथिनांचेही साह्य लागते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ‘लिफ’ नामक प्रथिन निर्माण न करणाऱ्या उंदरांच्या माद्यांच्या उदरी गर्भ रुजेनात. तेच गर्भ इतर माद्यांच्या उदरी ठेवताच रुजले. बीज सकस होते. उणीव होती ती मातीतील एका सूक्ष्म द्रव्याची. मानवी देहातील व्यवहार याहूनही गुंतागुंतीचा आहे.

गर्भ रुजला की तो ‘एचसीजी’ या संप्रेरकाद्वारे आपल्या आगमनाची वर्दी देतो आणि पीतपिंड टिकून राहतो. न रुजल्यास प्रोजेस्टेरॉन ओसरते, अस्तर गळून पडते. तीच मासिक पाळी. ज्यास आपण विटाळ म्हणून दूर सारतो, ते वस्तुतः न आलेल्या अतिथीसाठी मांडलेले आसन उचलून ठेवणे आहे. त्यात अमंगळ ते काय?

तरीही अपत्य नसलेल्या सुवासिनीस ओटीच्या वेळी मागे बसविणारी घरे अद्याप आहेत. सुज्ञ वाचकहो, चारांपैकी कोणता दुवा निसटला, हे बाहेरून कोणास दिसते? शिवाय बीजात पुरुषाचाही निम्मा वाटा असतो. मग सारा दोष एकट्या सुनेच्या पदरी का? संप्रेरकांचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक काही तिच्या इच्छेने चालत नाही. घटातला एखादा दाणा उगवला नाही, तर आपण मातीला बोल लावीत नाही. नवस अवश्य बोलावा. पण पती-पत्नी दोघांनीही तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

यंदा अष्टमीस कुलस्वामिनीची ओटी भराल, तेव्हा घरातील त्या सुनेसही मानाने पुढे बोलवा आणि तिचीही ओटी भरा. जगदंबा त्याच पूजेने संतुष्ट होईल, अशी आमची श्रद्धा आहे.