गणरायाला तवसळीचा नैवेद्य

भाद्रपद उजाडला की कोकणातील परसांत मांडवावर चढलेल्या वेलींना जाडजूड तवशी लोंबू लागतात. तवसे म्हणजे पावसाळ्यातील मोठी काकडी. गोव्यात चवथीला गणरायाच्या वर जी माटोळी बांधतात, तिच्यात नारळ-सुपारीच्या बरोबरीने हे फळही मानाने टांगले जाते. मोदक हा श्रींचा आवडता नैवेद्य खरा. परंतु ऋतूने दारी आणून दिलेल्या या फळाचा गोड पदार्थ करण्याची रीतही तिकडे जुनी आहे. त्यास कोणी तवसळी म्हणतात, कोणी धोंडस. ज्या भगिनींना मोदकाच्या कळ्या साधत नाहीत, अथवा नोकरी सांभाळून तेवढी सवड होत नाही, त्यांनी मन खट्टू न करता हा नैवेद्य अवश्य करावा. सुमारे तासाभरात तो सिद्ध होतो.

मात्र एक सावधगिरी हवी. एका चतुर्थीस आम्ही मोठ्या हौसेने तवसळी केली. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि पहिल्याच घासाला सर्वांच्या मुद्रा पालटल्या. तवसे कडू निघाले होते! नैवेद्य दाखविण्यापूर्वी चाखावयाचा नाही, हा नियम पाळण्याच्या भरात आम्ही फळही चाखले नव्हते. आमच्या डोळ्यांत पाणी आले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, भाव पोचला हो देवाला. पण पुढल्या खेपेस फळ आधी पारखून घे. विळीवरचे कच्चे फळ म्हणजे काही नैवेद्य नव्हे."

तेव्हापासून आमच्या घरी तवसे चिरताच देठाकडची एक चकती घरातील कोणी तरी चाखून पाहते. कारण कडूपणा तिकडेच अधिक असतो. फळ कडू लागल्यास ते सबंध टाकून द्यावे. गुळाने वा शिजविण्याने तो कडूपणा जात नाही, आणि असे फळ पोटात गेल्यास उलट्या-जुलाबांचा त्रास होऊ शकतो.

आता कृती. तवशाची साल व बिया काढून ते किसावे. 2 वाट्या कीस घ्यावा. त्यास सुटलेले पाणी फेकू नये. 1 वाटी तांदळाचा रवा 2 चमचे तुपावर मंद आचेवर खमंग भाजावा. घरचा रवा नसल्यास बाजारातील इडलीचा रवा चालतो. किसात 1 वाटी चिरलेला गूळ घालून तो विरघळेपर्यंत गरम करावे. मग त्यात भाजलेला रवा, अर्धी वाटी ओले खोबरे, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड घालून सारखे करावे आणि 15 मिनिटे झाकून ठेवावे. वरून दूध वा पाणी घालण्याचे सहसा कारण पडत नाही. मिश्रण फारच कोरडे वाटल्यास थोडे नारळाचे दूध घालावे.

तूप लावलेल्या थाळीत हळदीचे पान अंथरून त्यावर मिश्रण थापावे, वर काजूचे तुकडे लावावेत आणि मोदकपात्रात 25 मिनिटे वाफवावे. पूर्वी जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण घालून झाकणावरही निखारे ठेवीत. त्यामुळे तवसळी वरून तांबूस व खरपूस होई. तशी हवी असल्यास ओव्हनमध्ये 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटे भाजावी; मात्र तेव्हा तळाशी हळदीचे पान न घालता भांड्यास सढळ हाताने तूप लावावे. मध्ये सुरी घालून पाहावी. ती कोरडी निघाली की तवसळी झाली. गरम असता वड्या मोडतात, म्हणून निवल्यावरच कापाव्यात.

पानावर दोन वड्या ठेवून, तुपाची धार सोडून श्रींना नैवेद्य दाखवावा. फळ आधीच पारखलेले असल्याने या वेळी मन निःशंक असते. आणि आरतीनंतर मुले दुसरी वडी मागू लागली की श्रमांचे सार्थक होते.