विषाची ओळख अंकांवरून

बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका खेड्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील माध्यान्ह भोजन जेवून २३ मुले दगावली. तपासात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचे नाव पुढे आले. मुलांच्या पंक्तीवर देखरेख ठेवणारा मीही एक शिक्षक. ते नाव माझ्या मनातून गेले नाही. अशा पदार्थाची कुंडली कोठे व कशी पाहावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

रसायनाला नावे अनेक असतात. दुकानातले एक, पुस्तकातले दुसरे. म्हणून नावावर विसंबू नये. अमेरिकेतील केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही संस्था पदार्थांना क्रमांक देते. मोनोक्रोटोफॉसचा क्रमांक ६९२३-२२-४. यातील शेवटचा ४ हा पहारेकरी होय. उरलेल्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३ असे गुणीत जा आणि बेरीज करा. १०४ येते, आणि तिच्या एकं स्थानी ४. उतरवून घेताना अंक चुकला तर चोरी बहुधा येथेच पकडली जाते. वर्गातील मुलांना ही गंमत फार आवडते.

हा क्रमांक घेऊन पबकेम या माहितीकोशात जावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा हा कोश २००४ पासून सर्वांस विनामूल्य खुला आहे. त्याच ग्रंथालयाचा टॉक्सनेट हा जुना संग्रह २०१९ मध्ये बंद झाला. त्यातील घातक पदार्थांच्या नोंदी आता पबकेममध्येच सापडतात.

तेथे एक आकडा हमखास भेटतो. प्रयोगातील निम्मे उंदीर ज्या मात्रेने मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये. खाण्याच्या मिठाचा हा आकडा सुमारे ३०००. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मोनोक्रोटोफॉसचा आहे १४. आकडा जितका लहान तितके विष जहाल, हे ध्यानात न घेता उलटे वाचणारे सुशिक्षितही मी पाहिले आहेत.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. म्हणून प्राण्यांना बाधली नाही अशी मात्रा सामान्यतः शंभराने भागून माणसाची मर्यादा ठरवितात: दहापट प्राणी व माणूस यांतील फरकासाठी, दहापट माणसामाणसांतील फरकासाठी. शिवाय वर सांगितलेला आकडा तत्काळ मरणाचा. सावकाश होणाऱ्या अपायाविषयी तो मुका असतो. कर्करोगापुरते आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे गट पाहावे लागतात. तेथेही घोटाळा होतो. तंबाखूचा धूर आणि २०१५ पासून प्रक्रिया केलेले मांस, दोन्ही पहिल्या गटात आहेत. परंतु गट पुराव्याची बळकटी सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे.

आणि रकाना कोरा दिसला तर? त्याचा अर्थ ‘निर्धोक’ असा नसून ‘तपासले गेले नाही’ असा असू शकतो. माझ्या मते वाचकाची सर्वांत महाग चूक हीच.

परवा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाट उघडले. पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी स्फटिक, बाटलीवरील चिठ्ठी उडालेली. क्रमांक ७७७८-५०-९ शोधला; षट्संयुजी क्रोमियम, पहिला गट, श्वासावाटे फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण. बंद बाटली कोणास खात नाही. तिची उडणारी पूड मात्र घातक. नवी चिठ्ठी चिकटवून तीवर नाव, क्रमांक आणि ‘पूड उडवू नये’ एवढे मराठीत लिहिले, आणि कपाटाला कुलूप लावले.