पायाचा अंगठा ठणकतो, म्हणजे गाऊटच काय?



या सदरात एरवी आम्ही बेणे, खत व पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय पायाच्या अंगठ्याचा आहे. गटागटांतून फिरताना बांधावर बसलेले सभासद चप्पल काढून अंगठा दाखवतात आणि म्हणतात, "साहेब, गाऊट झालाय म्हणत्यात." आम्ही डॉक्टर नव्हे. पण जी चूक आपण उसाच्या बाबतीत करतो, तीच इथेही होताना दिसते, म्हणून हा लेख.

उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच युरियाचे पोते उचलतो. वास्तविक नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडले तर वरची कोवळी पाने पिवळी होतात व शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानातल्या या केवड्याला युरिया कितीही घाला, पान हिरवे होत नाही. लक्षण एक, कारणे अनेक. अंगठ्याचेही तसेच आहे.

आमच्या एका ज्येष्ठ सभासदांची हकिगत सांगतो. त्यांचा उजवा अंगठा तीन वर्षे अधूनमधून दुखत होता. रक्त तपासले, यूरिक अ‍ॅसिड थोडे जास्त निघाले, आणि गाऊटचा शिक्का बसला. गोळ्या सुरू झाल्या. डाळ, उसळ, मटण सगळे बंद. तरी दुखणे जागेवरच. शेवटी ते वैतागून म्हणाले, "डाळ सोडली, मटण सोडलं, आता काय ऊस सोडू?"

आपल्याकडची बरीच घरे गिरण्यांच्या काळापासून लालबाग-परळशी जोडलेली आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू गेल्या, पण नाती राहिली. मोठे दुखणे आले की माणूस दादरला उतरतो व परळ गाठतो. तिथे केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. हे सभासदही लालबागला चाळीत मुलाकडे गेले. खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना अंगठा वाकला की कळ येई. खाटेवर पडले की थांबे. परळच्या एका डॉक्टरांनी नेमके हेच विचारले, "रात्री झोपेतून उठवतो, की चालल्यावर दुखतो?" मग अंगठा हाताने वर वाकवून पाहिला. तो पुरता वाकेना. सांध्याच्या वरच्या अंगाला हाडाचा उंचवटा हाताला लागत होता. एक्स-रेत सांधा झिजलेला दिसला. गाऊट नव्हताच.

गाऊट कसा ओळखावा?

शरीरात प्यूरिन नावाच्या द्रव्यापासून यूरिक अ‍ॅसिड तयार होते व ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. (शेतातल्या युरियाशी याचा संबंध नाही, हेही अनेकजण विचारतात.) १०० मिलिलिटर रक्तात ते सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की पुरते विरघळून राहत नाही, आणि सांध्यात सुईसारखे स्फटिक जमू शकतात. काकवी थंड झाली की तळाला साखरेचे खडे धरतात, तसाच हा प्रकार.

खऱ्या गाऊटचा झटका बहुधा रात्री येतो. एका दिवसाच्या आत दुखणे शिगेला पोचते. अंगठा लाल, गरम व सुजलेला होतो; वरची चादरही सोसत नाही. आठ-पंधरा दिवसांत तो पूर्ण ओसरतो व मध्यंतरी माणूस अगदी ठीक असतो. पुरुषांत हा जास्त. बायकांत पाळी जाण्याआधी क्वचितच.

रक्ताच्या एका आकड्यावर विसंबू नका

यूरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्या बहुतेकांना गाऊट कधी होतच नाही. उलट ऐन झटक्यात ते साधारण पातळीवरही दिसू शकते. म्हणून झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. खात्रीचा पुरावा म्हणजे सांध्यातले पाणी सुईने काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे. ही पद्धत १९६१ पासून माहीत आहे.

दुसरे काय असू शकते?

१. सांध्याची झीज: चालताना व चवड्यावर बसताना दुखते.
२. अंगठा बोटांकडे कलणे: बाजूला हाड वाढते, अरुंद बुटाने सोलते.
३. रुतलेले नख किंवा पू. पाटपाण्यात उभे राहणाऱ्यांनी हे आधी पाहावे.
४. सोरायसिस या त्वचारोगाबरोबर येणारा संधिवात.
५. सांध्यात जंतूंचा शिरकाव: ताप, थंडी व सुजलेला सांधा एकत्र असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मधुमेह असणाऱ्यांनी तर पायाची सूज, दुखत नसली तरी, अंगावर काढू नये.

सभासदांनी घ्यावयाची काळजी

दुखणे केव्हा येते, किती दिवस राहते, हे वहीत टिपून ठेवा व डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्याही सांगा. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या काही गोळ्यांनी यूरिक अ‍ॅसिड वाढते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वेदनाशामके मनाने घेऊ नयेत. आणि हा लेख वाचून कोणी गाऊटच्या गोळ्या आपणहून बंद करू नयेत. खरा गाऊट असेल तर त्या बहुधा कायम लागतात, व उपचार सोडल्यास सांधा खराब होतो.

गाऊटवरचे कोल्चिसिन हे औषध आपल्या कुंपणातल्या कळलावीच्या कंदातही असते. पण तो कंद जहाल विषारी आहे. कोणी सांगितले म्हणून उगाळून घेऊ नका, जीव जाईल.

पथ्याचे म्हणाल तर खऱ्या गाऊटमध्येही डाळ-उसळीची भीती फारशी खरी नाही. दारू, विशेषतः बिअर, आणि मटणातील कलेजी-गुर्दा यांना मात्र आवर घालावा. साखर कारखान्याच्या वार्तापत्रात लिहिताना जड जाते, पण खरे ते सांगितले पाहिजे: साखरेचा निम्मा भाग फळशर्करा असतो व तिच्याने यूरिक अ‍ॅसिड वाढते. गाऊटवाल्यांनी गोड थंडपेये टाळावीत, गूळ-साखर बेताने घ्यावी.

त्या सभासदांना डॉक्टरांनी कडक तळाची, पुढून रुंद पायताणे वापरायला व चवड्यावर बसणे टाळायला सांगितले. यूरिक अ‍ॅसिडची गोळी त्यांनीच तपासून थांबवली. परवा लावणीच्या वेळी भेटले. अंगठा अजून कधी कुरकुरतो म्हणाले, पण तीन वर्षांनी घरात तुरीच्या डाळीची आमटी शिजते आहे.

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही दर हंगामात सांगतो. आपल्या पायासाठीही तेवढीच चौकशी करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी