रान माजलं म्हणजे माती पूर्ववत झाली?

जमीन पड टाकली, चार पावसाळे गेले आणि वर गवत-झुडपं माजली की माती आपोआप मूळपदावर येते, हा समज शेतकऱ्यांपासून पर्यावरणप्रेमींपर्यंत सगळ्यांचा लाडका आहे. हिरवळीपुरता तो खरा असेलही, पण मातीतल्या जिवाणूंना तो लागू पडत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात केलॉग बायॉलॉजिकल स्टेशनच्या परिसरात कसलेली शेतं, १९८९मध्ये पड टाकलेले तुकडे आणि कधीच नांगर न लागलेली कुरणं यांची तुलना करता येते. डॅनियल बकली आणि थॉमस श्मिट यांनी २००१ साली ती प्रसिद्ध केली. दशकाच्या आसपास पडीक राहिलेल्या तुकड्यांवर वनस्पती पार बदलल्या होत्या, तरी खालची जिवाणूंची घडण शेजारच्या पिकाखालच्या शेतासारखीच होती. नांगर न लागलेल्या कुरणांची घडण मात्र वेगळी निघाली.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: जिवाणू तर झपाट्याने वाढतात, मग त्यांना बदलायला इतकी वर्षं कशाला? पण त्यांच्या वाढीचा वेग इथे फारसा कामाचा नाही. मातीतले पुष्कळ जिवाणू सुप्तावस्थेत पडून असतात, आणि जागे असतात त्यांना शेतीने घडवलेल्या परिस्थितीतच जगावं लागतं. खतातलं नत्र पाण्याबरोबर झिरपतं किंवा वायुरूपाने उडून जातं. स्फुरद मात्र लोह, ॲल्युमिनियम, चुना यांच्याशी बांधलं जाऊन दशकानुदशकं तिथेच राहतं, आणि ते मुबलक असलं की झाडाला मुळांवरच्या, स्फुरद मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीची गरज कमी भासते. नांगराने तुटलेले बुरशीचे धागे त्यामानाने लवकर जुळतात, पण घटलेला सेंद्रिय कर्ब भरून यायला फार काळ जातो. फ्रान्सच्या ईशान्येकडच्या थुईली जंगलात रोमन काळातल्या शेतांच्या जागी स्फुरद आजही जास्त आढळतं आणि वनस्पतीही वेगळ्या आहेत, असं २००२च्या एका अभ्यासात दिसलं. ती शेती सुटून शतकानुशतकं लोटली आहेत!

म्हणून एकदा कसलेली माती कायमची बिघडली, असंही नाही. मिशिगनमध्येच चार दशकांहून अधिक काळ पडीक राहिलेल्या रानातली जिवाणूंची घडण अस्पर्श कुरणांकडे झुकलेली दिसली. प्रश्न वेळेचा आहे, आणि इथेच जिवाणूखताच्या बाटलीवर भिस्त ठेवणारे चुकतात. दोन-चार जातींचे जिवाणू ओतून अख्खा समुदाय उभा राहत नाही. याउलट, नेदरलँड्समधल्या रेइयर्सकाम्पच्या जुन्या शेतांवर कुरणातली किंवा झुडपी माळावरची माती पातळ थराने पसरली, तेव्हा सहा वर्षांत वनस्पती त्या-त्या मूळ जागेच्या दिशेने वळल्या. मात्र हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो खतावलेला वरचा थर आधी खरवडून काढलेल्या जागी.